पट्ट्यांच्या मधली जागा : गोविंदराव टेंबे यांची पेटी

मागच्या महिन्यात साताऱ्याला 'आपलं आणि परकं' या विषयावर बोलणं झालं, तेव्हा शेवटी एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. वेळ संपली होती म्हणून ती खिशात घालून आम्ही घरी आलो. चिठ्ठीत मित्सुको उचिदा यांचं नाव होतं, आणि खाली प्रश्न : जपानी बाईंनी मोझार्ट वाजवला तर तो त्यांचा असतो की उसना? प्रश्न चांगला आहे. थोडा खोचकही आहे. आज सांगलीत त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, पण आमच्या पद्धतीने, म्हणजे जवळच्या वाटेने.

आधी उचिदांबद्दल थोडं सांगतो. जन्म १९४८चा, जपानमधल्या आतामी गावचा. वडील राजनैतिक सेवेत, त्यामुळे बाराव्या वर्षी घर व्हिएन्नाला आलं आणि शिक्षण तिथेच झालं. १९७०च्या वॉर्सातल्या शोपँ स्पर्धेत दुसरं पारितोषिक मिळालं. पुढे लंडनला वस्ती केली, मोझार्टचे सगळे सोनाटा वाजवले, त्याचे कन्चेर्तो ध्वनिमुद्रित केले, आणि नंतर पियानोसमोर बसूनच क्लीव्हलंडचा वाद्यवृंद चालवत ते पुन्हा वाजवले. २००९ साली ब्रिटनने त्यांना 'डेम' हा किताब दिला. जवळजवळ पन्नास वर्षं ही बाई फिरून फिरून त्याच चार-पाच संगीतकारांकडे जात राहिली. मोझार्ट, शूबर्ट, बीथोव्हन, शूमान, शोनबर्ग. हे 'फिरून फिरून तिथेच' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पियानोची एक अडचण असते. पट्टी दाबली की आत हातोडी तारेवर आपटते, स्वर उमटतो, आणि उमटल्या क्षणापासून विरायला लागतो. तो वाढवता येत नाही, वळवता येत नाही. तरीही चांगला पियानोवादक 'गातो' असं आपण म्हणतो. गातो म्हणजे काय करतो? विरत चाललेला पहिला स्वर आणि नवा दुसरा स्वर यांचं वजन असं काही जुळवतो की दोघांमध्ये रेघ ओढल्यासारखी वाटते. ती रेघ पियानोत नसते.

तर असं हे पट्ट्यांचं वाद्य. आता आपल्याकडे या.

आपल्याकडच्या पट्ट्यांच्या वाद्यावर आयुष्य लावणारा, आणि ते वाद्य स्वतंत्रपणे मैफलीत मांडणारा पहिल्या रांगेतला माणूस म्हणजे गोविंदराव टेंबे. १८८१ साली कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्म, १९५५ साली निधन. 'मानापमान'चे संगीतकार म्हणून सगळ्यांना माहीत, 'अयोध्येचा राजा'तला हरिश्चंद्र म्हणून थोड्यांना. पेटीवादक म्हणून मात्र नुसतं नाव उरलंय. आम्हाला वाटतं, पेटी बाजूला ठेवली तर या माणसाची बाकीची कामगिरी कळतच नाही.

उचिदा आणि टेंबे यांच्यात एक मोठा फरक आहे. उचिदांच्या बाबतीत वाद्यही युरोपचं आणि संगीतही युरोपचं, परकी असलीच तर वाजवणारी. टेंब्यांच्या बाबतीत माणूस आपला, संगीत आपलं, परकं आहे ते वाद्य. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये जन्मलेलं, पायाने भाता चालवायचं, पाद्र्यांच्या सोयीचं. कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता मारायची सोय केली, ते मांडी घालून बसणाऱ्यांचं झालं, आणि बघता बघता भजनी मंडळापासून नाटकाच्या खड्ड्यापर्यंत सगळीकडे पोचलं. म्हणजे चिठ्ठीतला प्रश्न इथे उलटा करून विचारायला हवा : परक्या वाद्यावर वाजलेला आपला राग आपला राहतो का?

या प्रश्नाने सातारा आणि सांगली या दोन गावांना एके काळी चांगलंच झपाटलं होतं. आज इथे बसलेल्या किती जणांना हे ठाऊक असेल, शंका आहे. सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर राहत, 'शारदा' लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळांचे बंधू. नोकरी महसुलाची, वेड श्रुतींचं. १९१० साली त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्यांना साथ मिळाली अर्नेस्ट क्लेमेंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याची, आणि साताऱ्यात त्यांची 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' उभी राहिली. साताऱ्यात फिलहार्मोनिक! आज हसू येतं, पण कल्पना करा, राजवाड्याच्या आसपास कुठेतरी काही मंडळी तारेची लांबी मोजत बसली आहेत. गळ्यातून खरा स्वर काढून दाखवायला होते अब्दुल करीम खाँसाहेब, ज्यांनी पुढे मिरजेला घर केलं.

त्यांची तक्रार अगदी रास्त होती. आकड्यात सांगतो. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग केले, त्यांना सेंट म्हणतात, तर तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा शुद्ध गंधार ३८६वर येतो. पेटीवरचा गंधार ४००वर. धैवत ८८४ हवा, पेटीवर ९००. पंचम मात्र जवळपास बरोबर, फरक फक्त दोनाचा. म्हणजे पेटीचा गंधार चढा, धैवत चढा. मिरजेत शिकलगारांच्या घरात, तलवारींना धार लावणारे हात तंबोऱ्याकडे वळल्याला तेव्हाच दोन पिढ्या झाल्या होत्या. तिथल्या जव्हारीदार तंबोऱ्याशेजारी पेटी ठेवली की खटका कानाला लागणारच. देवल-क्लेमेंट्स यांनी उपाय काढला : पेटीच बदलायची. इंग्लंडमधून श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर वाद झाला, गवयांच्या गळ्याशी तिचे स्वर ताडले गेले, आणि ती मान्य झाली नाही. भातखंडे त्या परिषदेचे सूत्रधार, आणि ते विरोधात. देवलांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदर आहे, पण निकाल चुकीचा होता असं म्हणवत नाही. गवई एकच गंधार दोन रागांत दोन जागी लावतो, एका रागातही जाताना वेगळा आणि येताना वेगळा. बावीस पट्ट्या केल्या तरी त्या पट्ट्याच.

खरी अडचण पट्ट्यांच्या संख्येची नव्हती. पट्ट्यांच्या मधल्या जागेची होती.

उदाहरण घ्या. शुद्ध कल्याण. आरोह भूपाचा : सा रे ग प ध सा. उतरताना मात्र पंचमावरून गंधारावर यायचं ते तीव्र मध्यमाला चाटून, आणि षड्जावरून धैवतावर यायचं ते निषादाला चाटून. चाटून म्हणजे मींडेत. तो मध्यम लागतो पण दिसत नाही. आता हे पेटीवर करा. मध्यमाची पट्टी सरळ दाबलीत तर शेजारचा म्हणेल, अरे यमन सुरू झाला. दाबली नाहीत तर भूप. शुद्ध कल्याण या दोन पट्ट्यांच्या वादात हरवला! दरबारीतला आंदोलित गंधार घ्या, तिथे तर पेटीवाल्याने हात जोडावेत हेच बरं.

मग टेंब्यांनी काय केलं?

त्यांचं प्रत्यक्ष वादन आमच्या पिढीच्या वाट्याला आलं नाही, पण पेटीचं तंत्र काही गूढ नाही, आणि त्यांच्या वाटेने गेलेल्यांची पेटी आम्ही भरपूर ऐकली आहे. मींड पेटीवर 'काढता' येत नाही, ती सुचवावी लागते. पहिली पट्टी सोडायच्या आत दुसरी हलकेच दाबायची. मधली पट्टी पूर्ण खाली न नेता निसटती शिवायची, म्हणजे सूर अर्धवट फुटतो. डाव्या हाताने भात्याचा दाब नेमका त्या क्षणी कमी करायचा, आणि गंधारावर पोचताच परत भरायचा. या चार गोष्टी एकत्र जुळल्या तर ऐकणाऱ्याला मींड ऐकू येते. नीट लक्ष द्या, पेटीतून मींड निघते असं आम्ही म्हणत नाही, ऐकणाऱ्याला ती ऐकू येते असं म्हणतो.

आमच्या विषयातली एक जुनी कल्पना इथे कामाला येते. भर्तृहरीने विचारलं होतं : शब्दातली अक्षरं एकामागून एक येतात, दुसरं येईपर्यंत पहिलं विरलेलं असतं, मग पूर्ण शब्द ऐकतो कोण आणि कधी? त्याचं उत्तर स्फोटाचं आहे. सुटी अक्षरं फक्त निमित्त, अर्थ एकसंध आणि एकदम उजळतो, तोही ज्याला भाषा येते त्याच्यापाशीच. वर्गात हे शिकवताना आम्ही अनेक वर्षं खडू घासला, पण नीट पटलं ते मिरजेला, खाँसाहेबांच्या स्मृतीच्या उत्सवात. दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली बसलो होतो. गायिकेने एक लांब मींड घेतली, पेटीवाल्याने मागून तीच जागा तीन निसटत्या पट्ट्यांत सुचवली, आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना दोन्ही वेळा त्याच वळणाने हलल्या. पेटीने वळण घेतलंच नव्हतं. माना कशाने वळल्या?

टेंब्यांचं मोठेपण आम्हाला यात दिसतं. देवलांनी वाद्य दुरुस्त करायला घेतलं. टेंब्यांनी ते तसंच ठेवलं आणि स्वतःचा कान घडवला, ऐकणाऱ्याच्या कानावर भरवसा टाकला. हा कान त्यांना फुकट मिळालेला नव्हता. कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब होते, त्यांची गुंतागुंतीची गायकी वर्षानुवर्षं ऐकायला मिळाली. भास्करबुवा बखल्यांचा सहवास आणि मार्गदर्शन लाभलं. पेटीवाला गवयाच्या मागे बसतो तेव्हा तो नुसता ऐकत नसतो, गवई पुढे कुठे जाणार हे अर्धा क्षण आधी ओळखायचं असतं. असं ऐकणं श्रोत्याला परवडत नाही आणि समीक्षकाला बहुधा जमत नाही. १९३९चं त्यांचं 'माझा संगीत व्यासंग' वाचा. आमच्या मते त्या पुस्तकाचा खरा नायक कान आहे. गवई कोणत्या घराण्याचा यापेक्षा तो जागा कशी घेतो, कुठे सोडतो, याकडे त्यांचं लक्ष. मराठीत संगीतावर पुष्कळ लिहिलं गेलं, त्यातलं पुष्कळसं भाविक आहे. टेंबे भाविक होतात, नाही असं नाही, पण तरी त्यांची बोटं पट्ट्यांवरून उठत नाहीत.

आणि इथेच 'मानापमान'. १९११, किर्लोस्कर मंडळी, नाटककार आपले सांगलीचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. चाली टेंब्यांच्या. त्यांनी उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी असला माल मराठी रंगभूमीवर आणला. त्याआधी किर्लोस्करी पदांना साकी-दिंडी-कीर्तनाचा वास होता, तो एकदम मागे पडला. चाल आधी, शब्द नंतर, असा कारभार असल्याने खाडिलकरांची पदं कशी झाली ते तुम्ही जाणता. शब्दांची ओढाताण, अन्वय लावता लावता दमछाक. गोविंद बल्लाळ देवलांची प्रासादिक पदं त्याच सांगलीच्या मातीतली, शेजारी ठेवून पाहा. आम्ही खाडिलकरांचे भक्त असूनही हे म्हणतो. पण चाली? शंभरावर वर्षं झाली, गावोगावच्या पेटीवर अजून वाजतात. १९२१च्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले, एक गळा मधाचा, एक तलवारीचा, आणि त्याच चालींनी दोघांनाही सामावून घेतलं.

का टिकल्या? आमचा अंदाज असा की त्या पेटीवर विचार करणाऱ्या माणसाने बांधल्या. मींडेवाचून उभी राहते की नाही, ही परीक्षा प्रत्येक चालीला आधीच द्यावी लागली असणार. ज्या चालीचं सगळं सौंदर्य मधल्या जागेत असतं ती पेटीवर कोसळते, आणि गवई मोठा नसेल तर गळ्यातही कोसळते. टेंब्यांच्या चालींना हाडं आहेत. सामान्य गळ्यालाही त्या तोल जाऊ देत नाहीत.

त्याचीच दुसरी बाजूही सांगायला हवी. पाच वर्षांनी, १९१६ साली, भास्करबुवांनी 'स्वयंवर'ला चाली दिल्या. त्या ख्यालाच्या आतून आलेल्या आहेत. बालगंधर्वांनी त्यात जे केलं ते 'मानापमाना'त होणं शक्य नव्हतं, कारण 'मानापमाना'ची चाल तुम्हाला फार लांब भटकू देत नाही, ती चटकदार आहे आणि चटकन संपते. हाडं असण्याची ही किंमत. शिष्याच्या कामाशेजारी गुरूचं काम ठेवलं तर गुरूचं अधिक खोल, असं आमचं मत आहे. पेटीवर मात्र शिष्याचं अधिक शोभतं. यात विरोध नाही.

मघाशी तुम्हाला 'फिरून फिरून तिथेच' लक्षात ठेवायला सांगितलं होतं. टेंब्यांचं आयुष्य त्याच्या अगदी उलट दिसतं. किर्लोस्कर मंडळी, मग १९१३ साली बालगंधर्व आणि गणपतराव बोडसांबरोबर गंधर्व मंडळीची स्थापना, मग तीही सोडून स्वतःची शिवराज मंडळी, मग प्रभातचे बोलपट. १९३२चा 'अयोध्येचा राजा' पाहा. दुर्गाबाई खोटे तारामती, टेंबे हरिश्चंद्र, संगीतही त्यांचंच. पुढे लेखन, अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र. या माणसाने स्वतःला विखरून टाकलं असं काही जण म्हणतात. आम्हीही एके काळी वर्गात तसंच म्हणत होतो, आज मागे घेतो.

उचिदा पन्नास वर्षं मोझार्टपाशी राहू शकल्या, कारण पियानोसाठी मोझार्टने लिहून ठेवलं होतं. पियानोसाठी सभागृहं होती, स्पर्धा होत्या, ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्या होत्या, तिकीट काढून दोन तास फक्त पियानो ऐकायला येणारी माणसं होती. टेंब्यांच्या पेटीसाठी यातलं काय होतं? पेटी म्हणजे साथ. पेटीवाल्याचं नाव जाहिरातीत सगळ्यात खाली, तेही छापलं तर. स्वतंत्र पेटीवादन ऐकायला बसणारा श्रोता हौसेचा, सवयीचा नव्हे. या वाद्याला राहायला घरच नव्हतं, म्हणून वादक दारोदार फिरला. त्याला विखुरणं म्हणणं अन्याय आहे.

उरलंसुरलं दार १९४०मध्ये लागलं. त्या वर्षी आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. दिल्ली केंद्रावरचे जॉन फोल्ड्स नावाचे इंग्रज संगीतकार पेटीच्या विरोधात लिहीत होते, रवींद्रनाथांनाही पेटीचा तिटकारा. कारणं जवळपास तीच, जी साताऱ्याच्या मंडळींनी मांडली होती : स्वर चुकीचे, मींड नाही, वाद्य परकं. टेंबे तेव्हा एकोणसाठ वर्षांचे होते. म्हणजे ज्या काळात वादक पिकतो, त्याच काळात देशातलं सगळ्यात मोठं व्यासपीठ त्यांच्या वाद्याला बंद. बंदी सैल झाली ती सत्तरच्या दशकात. टेंबे जाऊन तेव्हा पंधरा-वीस वर्षं झाली होती.

गंमत अशी की ज्यांनी पेटीला हाकलून दिलं त्यांच्या तोंडातून पेटी जाईना. कुठल्याही गवयाला विचारा, बुवा, स्वर कोणता? उत्तर येतं : काळी एक. पांढरी दोन. बाई असेल तर काळी चार. हे पेटीच्या पट्ट्यांचे रंग! स्वतःच्या गळ्याचा मूळ षड्ज आपण पेटीच्या पट्टीने सांगतो आणि मग पेटी परकी म्हणतो. विहीर भरून घ्यायची आणि रहाटाला शिव्या द्यायच्या, तसला प्रकार.

तरीही आम्ही बंदी घालणाऱ्यांना मूर्ख म्हणणार नाही, ही गोष्ट स्पष्ट करतो. त्यांची भीती खरी होती. पेटीवर भरवसा ठेवून शिकलेल्या मुलाचा गंधार चढा लागतो, हे इथले गायनवर्ग चालवणारे कबूल करतील. कान घडलेल्या माणसाला पेटी चालते, पेटीनेच कान घडवायचा म्हटलं तर बिघडतो. टेंब्यांचा कान आधी कोल्हापुरात घडला होता. भर्तृहरीच्या भाषेत, ज्याला भाषा येते त्यालाच शब्द उजळतो. भाषा यायच्या आधी नुसती अक्षरं दिली तर उजळायला काही शिल्लक नसतं. हल्ली वर्गावर्गात पेटी पहिल्या दिवशी आणि तंबोरा, असलाच तर, मोबाईलमध्ये, ही अवस्था आहे. ती पाहून फोल्ड्ससाहेब अजिबात चुकले होते असं म्हणायची आमची हिंमत होत नाही.

देवलांचं स्वप्नही मेलेलं नाही. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली, रागाप्रमाणे पट्टीचा स्वर बदलायची सोय असलेली. गंधार तीवर तंबोऱ्याशी मिळतो, ऐकायला सुख वाटतं. देवलांना ती दाखवता आली असती तर म्हातारा नाचला असता. पण शुद्ध कल्याणातला तो मध्यम तिथेही बोटांनी आणि भात्यानेच सुचवावा लागतो.

चिठ्ठीवाले गृहस्थ आज आले असतील तर त्यांना आम्ही एवढंच सांगू की 'उसना' हा शब्द जरा बाजूला ठेवा. उचिदांच्या दोन स्वरांमधली रेघ व्हिएन्नाच्या कानांनी पुरी केली, टेंब्यांची कोल्हापूर-सांगलीच्या कानांनी. वाजवणारा कुठल्या गावचा, यापेक्षा तो कुठल्या कानांवर विसंबून वाजवतो हे आम्ही आधी विचारू.

आता बोलणं पुरे. आपल्या साथीदारांनी पेटी आणलेली आहे, साधी, बारा पट्ट्यांच्या सप्तकाची. त्यांना विनंती आहे की पंचमावरून गंधारावर तीन वेळा यावं : एकदा मध्यम सोडून, एकदा मध्यम सरळ दाबून, आणि एकदा त्याला नुसतं शिवून. प्रेक्षागृहातले पंखे जरा बंद करा. माना कुणी मुद्दाम हलवू नका.